निबंधातला 'म्हणून' कसा तपासावा: नव्या परीक्षकांसाठी

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या घरी दरवर्षी मराठी निबंधांचा एक जाडजूड गठ्ठा येतो. लिहिणारी मुलं मराठी घरातली, पण शिकलेली बहुतेक गुजराती किंवा इंग्रजी माध्यमात. कुणी दहावी-बारावीतली, कुणी नुकतीच कॉलेजात गेलेली. तपासायला आम्ही चार-पाच जण असतो. त्यात एखादा नवा परीक्षक असतो आणि तो पहिल्याच संध्याकाळी विचारतो, "शुद्धलेखनाचे गुण कसे कापायचे ते कळलं, भाषेचंही कळतं. पण 'विचारांची मांडणी' या रकान्यात वीसपैकी किती द्यायचे, ते कशावरून ठरवायचं?"

त्या प्रश्नाचं हे उत्तर आहे.

आधी माझी एक चूक सांगते. काही वर्षांपूर्वी मी एका निबंधाला पहिला क्रमांक दिला. विषय पाण्याचा होता. भाषा अशी की वाचताना डोळे भरून आले. निकाल लागल्यावर बरोबरच्या एका ताईंनी सहज विचारलं, "त्याचं म्हणणं काय होतं गं? एका वाक्यात सांग." मला सांगता येईना. निबंध पुन्हा काढून वाचला. त्यात म्हणणंच नव्हतं, भावना होती. दुसरा क्रमांक मिळालेल्या मुलीची मराठी अडखळती होती, पण तिचा प्रत्येक मुद्दा आधीच्या मुद्द्यावर पाय रोवून उभा होता. निकाल तर लागून गेला होता. त्या मुलीचा विचार अजून मनातून जात नाही. त्यानंतर मी तपासण्याची पद्धत बदलली. ती अशी.

पहिलं वाचन पेन न घेता

लाल पेन हातात असलं की डोळा ऱ्हस्व-दीर्घ शोधतो. म्हणून पहिल्या वाचनात पेन बाजूला ठेवा. निबंध संपला की कागद उलटा करा आणि लिहिणाऱ्याचं म्हणणं स्वतःच्या शब्दांत एका वाक्यात लिहा. "वाचनाचे महत्त्व" हे म्हणणं नव्हे, तो विषय झाला. "गावात शाळेइतकीच वाचनालयाची गरज आहे" हे म्हणणं, कारण त्याला कुणीतरी "नाही" म्हणू शकतं. ज्याला कुणीच नाही म्हणणार नाही त्याला युक्तिवादाची गरजच पडत नाही, आणि मग त्याचं बळ मोजण्याचाही प्रश्न येत नाही.

म्हणणं कुठल्या जातीचं आहे तेही तिथेच टिपून ठेवा. "असं आहे", "असं अमक्यामुळे झालं" किंवा "असं करावं". पहिल्याला माहिती पुरते. दुसऱ्याला कारण दाखवावं लागतं. तिसऱ्याला कारण तर लागतंच, शिवाय खर्च, अडचणी आणि दुसरे उपाय यांचाही विचार लागतो. मुलं बहुतेक वेळा तिसऱ्या जातीचं म्हणणं मांडतात आणि पहिल्या जातीचा पुरावा देतात. चांगल्या-चांगल्या निबंधांचे गुण इथेच जातात.

सांधे शोधा

आता पेन्सिल घ्या. म्हणून, त्यामुळे, कारण, यावरून, अर्थात, तेव्हा: हे शब्द जिथे येतील तिथे गोल करा. युक्तिवादाचं सगळं बळ या सांध्यांत असतं. सुतार खुर्ची घेताना गादी बघत नाही, उलटी करून सांधे हलवून बघतो. तसंच आपणही करायचं.

प्रत्येक सांध्याला एकच प्रश्न विचारा: डावीकडचं सगळं खरं मानलं, तरी उजवीकडचं खोटं असू शकतं का? सहज असू शकत असेल तर सांधा ढिला आहे. खोटं असण्यासाठी फार विचित्र काही घडावं लागत असेल तर तो घट्ट आहे.

काही सांधे शब्दांनी दाखवलेले नसतात. दोन वाक्यं नुसती शेजारी असतात आणि वाचणारा मनात "म्हणून" भरून घेतो. तिथे तुम्हीच पेन्सिलीने "म्हणून" लिहा आणि वाक्य मोठ्याने वाचा. कानाला खटकलं तर जोड नाही. उलट काही मुलं दर दोन ओळींनी "म्हणून" लिहितात आणि जोड कुठेच नसते. शब्द आहे म्हणजे सांधा आहे असं धरू नका.

आपल्या बडोद्यातल्या मुलांबद्दल एक खास गोष्ट. गुजरातीत 'माटे' हा शब्द 'साठी' या अर्थानेही येतो आणि 'म्हणून' या अर्थानेही. त्यामुळे इथलं मूल मराठीत लिहितं: "गावात शाळा नव्हती. त्यासाठी मुली शिकल्या नाहीत." पुण्या-मुंबईच्या वाचकाला हे वाक्य निरर्थक वाटेल. पण मुलाला 'त्यामुळे' म्हणायचं आहे आणि त्याचा सांधा अगदी ठीक आहे. भाषेच्या रकान्यात अर्धा गुण कापा, पण विचारांच्या रकान्यात कापू नका. हे दोन रकाने एकमेकांत मिसळले की अन्याय होतो, आणि तो नेमका त्या मुलांवर होतो जी घरी मराठी टिकवण्यासाठी धडपडत असतात.

एक परिच्छेद उघडून पाहू

सरावासाठी मीच एक परिच्छेद लिहिला आहे. आमच्याकडे येणाऱ्या निबंधांत या धर्तीचे परिच्छेद भरपूर असतात.

"बडोदे संस्थान शिक्षणात अग्रेसर होते. सयाजीराव महाराजांनी १९०६ साली संपूर्ण राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. १९१० साली मध्यवर्ती ग्रंथालय उभे राहिले. १९४९ साली विद्यापीठ स्थापन झाले. त्यामुळे आज बडोद्यातील प्रत्येक घरात वाचनाची गोडी आहे. म्हणून सरकारने वाचनालयांवरचा खर्च वाढवलाच पाहिजे."

सालं बरोबर आहेत. नवा परीक्षक इथेच खूश होतो आणि पंधरा गुण देतो. आता सांधे हलवून बघा.

पहिला सांधा 'त्यामुळे'. डावीकडे तीन घटना, उजवीकडे आजचं प्रत्येक घर. मध्ये पाऊणशे ते शंभराहून जास्त वर्षं गेली. त्या काळात शहर वाढलं, बाहेरून लोक आले, हातात मोबाइल आले. ग्रंथालय उभं राहिलं म्हणजे लोक वाचतात, हेही दाखवलेलं नाही. डावीकडचं सगळं खरं असून उजवीकडचं खोटं असू शकतं. सांधा ढिला.

दुसरा सांधा 'म्हणून' आणखी मजेदार आहे. प्रत्येक घरात वाचनाची गोडी आधीच असेल, तर वाचनालयांवर जास्त खर्च कशाला? दिलेलं कारण निष्कर्षाला आधार देत नाही, उलट त्याच्याविरुद्ध जातं. आपल्या न्यायशास्त्रात, म्हणजे जुन्या तर्कशास्त्रात, अशा हेतूला (दिलेल्या कारणाला) 'विरुद्ध' असं नाव आहे. जो हेतू सिद्ध करायला आणला, तोच उलटी गोष्ट सिद्ध करतो. गठ्ठ्यात असे निबंध दरवर्षी सापडतात आणि घाईत वाचणाऱ्याच्या हातून हमखास निसटतात, कारण वाक्यांचा सूर एकच असतो. सगळंच वाचनाच्या बाजूने बोलतं.

त्याच माहितीवर घट्ट युक्तिवादही उभा राहतो. "सक्तीच्या शिक्षणाने मूल अक्षरं शिकतं, पण शाळा सुटल्यावर हातात पुस्तक आलं नाही तर काही वर्षांत ती अक्षरं विसरतं. मग शाळेवर केलेला खर्च वाया जातो. म्हणून शाळा काढणाऱ्याने वाचनालयही काढलं पाहिजे. बडोदे संस्थानाने १९०६ नंतर चारच वर्षांत अमेरिकेतून ग्रंथपाल विल्यम बॉर्डन यांना बोलावून ग्रंथालयांची व्यवस्था त्यांच्याकडे दिली, हे या दृष्टीने पाहावं." इथे सालांनी पुराव्याचं ओझं उचललेलं नाही, ते सांध्याने उचललं आहे. अक्षरं खरंच विसरली जातात का, असा प्रश्न विचारता येतो, पण निदान काय विचारायचं ते कळतं. असा परिच्छेद लिहिणाऱ्या मुलाची दोन सालं चुकली असती तरी मी त्याला पहिल्यापेक्षा जास्त गुण दिले असते.

न बोललेलं वाक्य बाहेर काढा

हा टप्पा सगळ्यात अवघड, आणि माझ्या मते सगळ्यात मोलाचा.

डोंगरावर धूर दिसतो, म्हणून तिथे आग आहे. न्यायशास्त्राचं हे उदाहरण शेकडो वर्षं वापरात आहे. प्रतिज्ञा, म्हणजे म्हणणं: डोंगरावर आग आहे. हेतू: कारण तिथे धूर आहे. पण या दोघांना बांधणारं तिसरं वाक्य हवं: जिथे जिथे धूर, तिथे तिथे आग, जसं स्वयंपाकघरात. या नात्याला व्याप्ती म्हणतात. निबंधात प्रतिज्ञा असते, हेतू असतो. व्याप्ती लिहिणाऱ्याच्या पोटात राहते. ती तुम्ही कागदावर उतरवायची.

"आमच्या पोळात (गल्लीत) सगळ्यांकडे गाड्या आहेत, म्हणून पोळातले लोक सुखी आहेत." न बोललेलं वाक्य: ज्याच्याकडे गाडी तो सुखी. लिहून काढलं की लगेच दिसतं, ते टिकत नाही.

व्याप्ती उलटवता येत नाही, हेही लक्षात ठेवा. धूर तिथे आग हे खरं, पण आग तिथे धूर हे खरं नाही. तापून लाल झालेल्या लोखंडात आग असते, धूर नसतो. आगीतून धूर निघायला सरपण ओलं असावं लागतं. अशा लपलेल्या अटीला न्यायशास्त्रात उपाधी म्हणतात. निबंधातल्या उपाधी शोधायला मला मनापासून आवडतं. "गावात शाळा निघाली म्हणून मुलं शिकली" यात किती ओलं सरपण आहे बघा. मास्तर रोज येत होते, मुलं शेतावर जात नव्हती, मुलींना घरातून सोडत होते. ज्या मुलाने यातली एक जरी अट स्वतःहून लिहिली, त्याने विचार केला आहे. त्याचे गुण वाढवा.

पुरावा किती आणि कसला

शितावरून भाताची परीक्षा होते, ही म्हण मुलं आवडीने वापरतात. ती होते कारण एका भांड्यातली सगळी शितं एकाच आचेवर, एकाच पाण्यात शिजलेली असतात. "माझ्या मामेबहिणीला मराठी वाचता येत नाही, म्हणून बडोद्यातली नवी पिढी मराठी विसरली" इथे भांडं एक नाही. दांडिया बाजारातलं घर, मांजलपूरमधला फ्लॅट आणि वसतिगृहातली खोली यांची आच वेगळी असते. मुलाने एकच उदाहरण दिलं म्हणून गुण कापू नका. ते उदाहरण इतरांसारखं आहे असं मानायला त्याने आधार दिला आहे का, ते बघा.

कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडते, तो काकतालीय न्याय. ३१ जुलै २०१९ च्या मुसळधार पावसात विश्वामित्री नदीला पूर आला आणि वस्त्यांमध्ये मगरी दिसल्या. त्या वर्षी "मगरींची संख्या भरमसाट वाढली, म्हणून त्या घरात शिरू लागल्या" असं वाक्य मी किती निबंधांत वाचलं! मगरी नदीत आधीपासून होत्या. पाणी रस्त्यावर आलं आणि पाण्याबरोबर त्या आल्या. दिसण्याचं प्रमाण वाढलं की संख्या वाढली असं होत नाही. हे समजायला प्राणिशास्त्र लागत नाही. "याचं दुसरं काही कारण असेल का?" एवढं विचारावं लागतं. एका मुलाने मात्र लिहिलं होतं की मगरी हलवायच्या तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली परवानगी लागेल, आणि हलवल्या तरी पुराचं पाणी शिरायचं थांबणार नाही, तेव्हा आधी पाण्याचा विचार करा. मला तो निबंध अजून आठवतो.

मोठ्या माणसाचं नाव हा पुरावा होत नाही, 'बाबा वाक्यं प्रमाणम्' एवढंच होतं. त्या माणसाने जे कारण दिलं होतं ते मुलाने दिलं आहे का, ते पाहा.

आणि ज्या घटनेने म्हणण्याला तडा जातो ती सोयीस्कर गाळली आहे का, हेही पाहा. "सयाजीरावांच्या राज्यात जातिभेद उरला नव्हता" असं एखादा लिहितो आणि पुरावा म्हणून १९१३ साली डॉ. आंबेडकरांना परदेशी शिकायला दिलेली शिष्यवृत्ती सांगतो. शिष्यवृत्ती खरी आहे. पण तेच आंबेडकर १९१७ साली नोकरीसाठी बडोद्यात आले तेव्हा त्यांना राहायला जागा मिळाली नाही, ज्या पारशी धर्मशाळेत ते उतरले होते तिथूनही त्यांना बाहेर काढलं गेलं. सयाजीबागेतलं संकल्पभूमी हे त्यांचं स्मारक आजही तेच सांगतं. "राजा सुधारक होता" हे म्हणणं शिष्यवृत्तीवर टिकतं. "राज्यात जातिभेद उरला नव्हता" हे १९१७ पुढे टिकत नाही. म्हणण्याचं माप आणि पुराव्याचं माप जुळलं पाहिजे. 'सर्व', 'नेहमी', 'फक्त', 'कधीच' हे शब्द दिसले की थांबून माप घ्या. "मुलामुलींना समान शिक्षण दिले" असंही मुलं लिहितात. १९०६ च्या कायद्यात सक्ती मुलग्यांना ७ ते १२ आणि मुलींना ७ ते १० वर्षं होती. मुलींना कायद्यात आणणं ही त्या काळी मोठी गोष्टच होती, पण 'समान' हा शब्द माहितीत बसत नाही.

पूर्वपक्ष आहे का?

आपल्याकडे जुन्या ग्रंथात आधी पूर्वपक्ष येतो, म्हणजे समोरच्याचं म्हणणं त्याच्या पूर्ण बळानिशी मांडायचं. मग त्याला उत्तर. मग सिद्धांत. शाळेत आम्ही मुलांना "फायदे-तोटे लिहा" असं शिकवून ही शिस्त घालवली. तोट्यांचा एक परिच्छेद टाकला आणि पुढे त्याला विसरून गेलं, तर तो पूर्वपक्ष झाला नाही.

चांगला पूर्वपक्ष कसा असतो हे पाहायचं तर गोपाळ कृष्ण गोखल्यांचं १९११ चं प्राथमिक शिक्षण विधेयक घ्या. पैसा कुठून येणार, लोकांची तयारी आहे का, हे आक्षेप त्यांना ठाऊक होते. म्हणून त्यांनी विधेयकच आक्षेपांना जागा देऊन बांधलं. सक्ती देशभर एकदम नाही. ज्या नगरपालिकेला किंवा जिल्हा बोर्डाला हवी तिने लावावी, तीही सरकारची मंजुरी घेऊन, आणि जिथे पुरेशी मुलं आधीच शाळेत जातात तिथेच. आपलं म्हणणं लहान केल्याने ते घट्ट झालं. बडोद्याचं उदाहरणही त्यांच्यापुढे होतं. तरी १९१२ च्या मार्चमध्ये ३८ विरुद्ध १३ मतांनी ते विधेयक पडलं. युक्तिवाद बळकट होता आणि तरी हरला. हे मी नव्या परीक्षकांना मुद्दाम सांगते, कारण आपण अनेकदा "पटलं की नाही" यावर गुण देतो. पटणं ऐकणाऱ्याकडे असतं, बळ मांडणीत असतं.

बाब्या आणि कार्टं

यासाठी माझी एक कसोटी आहे. गुण ठरवले की क्षणभर कल्पना करा, याच मुलाने याच दर्जाची कारणं देऊन उलट मत मांडलं असतं तर? "मुलांना मराठी शाळेतच घालावं" याला तुम्ही सोळा दिले. तेवढ्याच पुराव्याने "बडोद्यात राहायचं तर गुजराती माध्यमच बरं" असं कुणी लिहिलं असतं, तर त्यालाही सोळा दिले असते का? हात थबकला तर आपला तो बाब्या झाला आहे. आपण मराठी मंडळी इथे भाषेच्या प्रश्नावर हळवी आहोत, आणि तसं असणं मला गैर वाटत नाही. पण तो हळवेपणा वीस गुणांच्या रकान्यात नको.

गुण आणि शेरा

माझी वाटणी अशी: म्हणणं स्पष्ट असेल तर ४, सांध्यांना ८, पुराव्याला ४, पूर्वपक्षाला ४. सांध्यांना दुप्पट का, हे वर आलंच आहे. तुमची वाटणी वेगळी असू शकते, फक्त गठ्ठा उघडण्याआधी ठरवा आणि मध्ये बदलू नका.

शेऱ्यात "मुद्दे अपुरे", "छान प्रयत्न" असं लिहू नका. त्याने मुलाला काहीच कळत नाही. सगळ्यात ढिला सांधा निवडा, समासात त्याच ओळीपाशी एक प्रश्न लिहा. "प्रत्येक घरात गोडी आहे तर खर्च का वाढवायचा?" किंवा "मगरी दिसल्या, पण त्या वाढल्या हे कसं कळलं?" एकच प्रश्न, वाचता येईल अशा अक्षरात. आणि एखादा सांधा घट्ट असेल तर तिथेही खूण करा, "ही जोड पक्की आहे" असं लिहा. मुलाला आपली चांगली जागा कुठली ते बरेचदा माहीतच नसतं.

शेवटी गठ्ठ्यातले पहिले पाच निबंध पुन्हा काढा. तिसाव्या निबंधापर्यंत आपली नजर तयार झालेली असते, पहिल्या पाचांना ती मिळालेली नसते. माझ्या हातून तरी त्या पाचांत दरवेळी एखाददुसरा गुण बदलतोच. आणि ताईंनी मला विचारलं ते तुम्हीही बरोबरच्या परीक्षकाला विचारा: याचं म्हणणं काय, एका वाक्यात सांग.